अब्बांचं कुवेतला जाणं

माझे अब्बा एकाच सकाळी पुन्हा पुन्हा घर सोडून कुवेतला गेले, आणि दर वेळी गल्लीच्या वळणावरून परत आले.

कारण मी. पुण्यातल्या एका कला महाविद्यालयात मी चित्रपट दिग्दर्शन शिकत होते. शेवटच्या वर्षी एक लघुपट करायचा होता आणि पास-नापास त्याच्यावरच ठरणार होतं. माझा विषय होता, आखाताला निघालेला बाप. अब्बांनी उमेदीची सगळी वर्षं कुवेतच्या गोदीत क्रेन चालवली, आणि नुकतेच ते मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला आमच्या घरी कायमचे राहायला आले होते. म्हणजे नट घरचा, घरही घरचंच, आणि बायकोच्या भूमिकेत अम्मी. (सरांना मी याचं नाव 'वास्तववाद' असं सांगितलं होतं. खरं म्हणजे दुसरं कोणी तयार झालं नव्हतं.)

प्रसंग साधा होता. अब्बा बॅग घेऊन निघतात, अम्मी दारात उभी राहते, रिक्षा वळणाआड जाते.

अब्बा निघाले, रिक्षाही गेली. दार रिकामं. 'कट' करून आत जाऊन बघते तर अम्मी कांदा चिरत बसलेली.

"अम्मी, तुला दारात यायचं होतं ना?"

"ते जायचे तेव्हा मी कधी दारात आले नाय गो," ती म्हणाली. "आतच असायचे. मग आता खोटं कशाला करू?"

"सिनेमा आहे तो."

"मग सिनेमातली बाई घेऊन ये."

कांद्याच्या हातानेच तिने मला बाहेर हाकललं. दिग्दर्शकाने अशा वेळी काय करावं, हे आम्हाला शिकवलेलं नव्हतं. मी ठरवलं, आधी अब्बांचं नीट घेऊ, अम्मीचं मागून बघू. तर अब्बा निघताना कॅमेऱ्याकडे बघून हसले. पुन्हा पाठवलं, तर रिक्षावाल्याशी बोलत बसले. मी 'कट' केलं, तेवढ्यात शेजारच्या जैबूनखाला हातात पिशवी घेऊन आल्या. त्यांचा मुलगा नासिर कुवेतला असतो.

"भाईजान, परत चाललाव तर नासिरला एवढी सुकट द्या."

"मी कुठं नाय चाललो. पोरीचं शूटिंग आहे."

"बॅग आहे, दारात रिक्षा आहे, आणि चाललो नाय म्हणता," खाला शांतपणे म्हणाल्या. "न्यायची नसेल तर तसं सांगा. मी वाईट वाटून घेणार नाय."

त्यांना वाईट वाटलेलं होतं. अब्बांनी पिशवी घेतली. मग पलीकडच्या घरातून फणसपोळी आली, त्याच्या मागच्या घरातून कुणाच्या नवऱ्याचा नवा चष्मा आला. अब्बांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. पुढच्या टेकला बॅग खरोखरच उचलवेना, आणि त्यांचा अभिनय एकदम सुधारला.

मी 'कट' म्हणून बटण दाबलं. अब्बा वळणावरून परत येऊन बॅग टेकवतात, तोच आतून अम्मी आली. गल्लीतली बोलणी तिच्या कानावर गेली होती. ती थेट दारात येऊन उभी राहिली.

"खरंच तर नाय ना चाललाव?" तिने विचारलं.

अब्बा हसले नाहीत. "नाय," ते म्हणाले.

"मला आधी सांगत नव्हता तुम्ही. तिकीट आलं की सांगायचात."

"आता तिकीट नाय. काय नाय."

"मग ती बॅग आत आणा."

ती चौकट धरून उभी होती. अब्बांनी बॅग उचलली आणि तिच्या बाजूने आत नेली. हेच मला हवं होतं, आणि मी ते घेतलं नव्हतं. त्यानंतर पुन्हा करा म्हणायचा धीर मला झाला नाही.

संध्याकाळी चित्रण बघायला बसले. एकही टेक नव्हता. सकाळी कॅमेरा उभा करतानाच बटण दाबलं गेलं होतं, आणि उन्हात त्याचा लाल दिवा मला दिसला नव्हता. तेव्हापासून मी सुरू करायला दाबलं की तो बंद होत होता, आणि 'कट' म्हणून दाबलं की सुरू. मधलं मात्र सगळं होतं: उघड्या दारातून दिसणारी, कांद्याच्या हाताने मला हाकलणारी अम्मी, खालांची पिशवी, चष्मा, आणि चौकट धरून उभी अम्मी.

दुसरं काहीच नसल्यामुळे मी तेच जोडून पुण्याला नेलं. शेजाऱ्यांचं सामान अब्बांनी लांज्याच्या एका खऱ्या प्रवाशाबरोबर कुवेतला पाठवून दिलं.

लघुपट संपल्यावर सर दिवा लावायला उठले. मग म्हणाले, "दारातला प्रसंग कसा घेतलास?"

"तेव्हा मी कॅमेरा बंद केला होता, सर."

त्यांनी मान डोलावली. "यापुढेही तसाच बंद करत जा."

मी पास झाले. दिग्दर्शन या विषयात.