आतली कडी

भोकरदनला स्टँडसमोर त्याचं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. शाळेच्या सहलींमुळं माझं तिथं नेहमी जाणं होतं, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो गिऱ्हाइकाकडं न बघता कॉम्प्युटरशी बोलल्यासारखा बोलतो.

दिवाळीच्या सुट्टीत मला आठ दिवस योगशिबिराला जायचं होतं. दोन ठिकाणं मी निवडून नेली होती.

“सोबत कोण?”

“कोणी नाही.”

“म्हंजे एकट्याच. बराबर?” तो मोठ्यानं म्हणाला. बाकावरची माणसं माझ्याकडं बघायला लागली. निघून जावं असं वाटत होतं, तोवर त्यानं पहिल्या शिबिराला फोन लावलाही, तोही स्पीकरवर.

“आमच्या मॅडम एकट्या येऊन राह्यल्या. खोलीला आतून कडी आहे का?”

पलीकडचा माणूस हसला. “अहो, इथं सगळं घरच्यासारखं असतं. कडी कशाला लागते?”

त्यानं फोन ठेवला. “इथं न्हाई जायचं, मॅडम.”

“फोटो तर चांगले आहेत.”

“फोटोत कडी दिसत न्हाई.”

दुसऱ्या ठिकाणी एका बाईंनी फोन उचलला. त्या हसल्या नाहीत. “कडी आहे, आणि चावी त्यांच्याकडंच राहील,” म्हणाल्या.

तो फॉर्म भरायला लागला, तेव्हा बाकावरचे एक म्हातारे खाकरले. “बाई, घरी माहीत आहे का?”

तो मान न वळवता म्हणाला, “मामा, तुम्ही कुठं जाऊन राह्यले, ते मॅडमनी विचारलं का?”

मग त्यानं माझं पूर्ण नाव विचारलं. मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.