ताजुन्निसा मुलाणीची टर्म

ताजुन्निसा सरदार मुलाणी ही माझ्या हाताखालून गेलेली सर्वांत हुशार विद्यार्थिनी, आणि तिची टर्म मीच अडवली. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर पहिली सांगताना मी रंगून जाईन आणि दुसरी सोयीस्करपणे गाळून टाकीन. मी तसा माणूस आहे.

१९७४ साली पुण्यातल्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.ला मॉलिक्युलर बायोलॉजी हा नवा विषय सुरू झाला. पुस्तकं दोन, सेंट्रिफ्यूज एक, आणि तोही अर्धा वेळ दुरुस्तीला. प्रमुखांनी प्रॅक्टिकलचं सगळं माझ्या गळ्यात घातलं आणि ते मोकळे झाले. मी लोणावळ्याहून रोज गाडीनं ये-जा करणारा, वेळेचा पक्का, आणि त्याचा भलताच अभिमान असलेला. यंत्रं नव्हती, तर मी नियम केले. दोन पानांचं स्टेन्सिल कापून प्रती वर्गात वाटल्या. प्रॅक्टिकलला ऐंशी टक्के हजेरी हवी. जर्नलवर सही त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी मिळणार नाही. आजारी पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट. इतर कोणत्याही कारणानं हजेरी कमी पडली तर पालकांनी ते कारण माझ्यासमक्ष लिहून सही करायची, त्याशिवाय टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षेला बसणं नाही. ती दोन पानं मी इतक्या वेळा वाचली की मला ती तोंडपाठ होती. मुलांनी ती एकदाही वाचली नसावीत. एकटीनं मात्र जर्नलच्या पहिल्या पानावर चिकटवली होती, ती ताजुन्निसा.

ती कामशेतची. सरदार मुलाणी म्हणजे तिचे वडील, कल्हईवाले. स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांचं घर आणि घराच्या ओट्यावरच भट्टी. मुलगी एम.एस्सी.ला गेली तेव्हा त्यांनी आख्ख्या आळीला चहा पाजला होता म्हणे. आम्ही दोघं एकाच गाडीनं पुण्याला जात असू, पण ती बायकांच्या डब्यात, मी पुढच्या. स्टेशनवर समोरासमोर आलो तर ती मान लववी आणि मी घड्याळ बघे.

तिचा हात मात्र बघण्यासारखा होता. मोड आलेल्या वाटाण्यातून डीएनए काढायचं प्रॅक्टिकल होतं. मोड बर्फात ठेवून कुटायचे, रस गाळायचा, मग त्यावर थंडगार अल्कोहोल अलगद सोडायचं आणि मधल्या थरात जे पांढरे तंतू येतात ते काचेच्या कांडीवर गुंडाळून घ्यायचे. बाकीच्यांच्या नळीत जे निघालं त्याला शेंबूड म्हणणं हाच सभ्यपणा होता. तिच्या कांडीवर रिळावर दोरा बसावा तसे तंतू बसले. मी विचारलं, हे कसं जमलं?

"घाई केली नाही, सर," ती म्हणाली. "अब्बा म्हणतात, कल्हई भांडं तापल्यावर लावायची, आपण तापल्यावर नाही."

मी "बरं आहे" म्हणालो आणि जर्नलवर सही केली. वर्गात कुणाचं तोंडावर कौतुक करायचं नाही, हा माझा न लिहिलेला नियम होता. आज वाटतं, तेवढं तरी करायला हवं होतं.

जानेवारीत सरदार मुलाणी गेले. भट्टीसमोर बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि खेळ संपला. ताजुन्निसा बारा दिवस आली नाही. नंतर यायला लागली, पण आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस गैरहजर. तिची आई अकबरी इद्दतीत बसली होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर पडायचं नाही, अशी ती रीत. घरात दुसरं मोठं कुणी नाही, पाठची बहीण शाळेत. रेशन, दळण, दवाखाना, सगळं ताजुन्निसाच्या अंगावर आलं.

मार्चमध्ये मी हजेरी काढली तर तिची एकाहत्तर टक्के. मी तिला बोलावून सांगितलं, पंधरा तारखेपर्यंत आईला घेऊन ये.

"आई मेअखेरपर्यंत बाहेर पडू शकत नाही, सर. आणि परीक्षा एप्रिलमध्ये आहे."

मी जरा आवाज खाली आणला. "मग डॉक्टरचं सर्टिफिकेट आण. तेवढ्यानं भागेल."

"मी आजारी नव्हते, सर."

अर्ध्या वर्गाला त्या वर्षी कावीळ झाली होती. ते काविळीचे रोगी खाली मैदानावर क्रिकेट खेळताना मला खिडकीतून दिसत होते आणि त्यांची सर्टिफिकेटं माझ्या ड्रॉवरमध्ये होती. खरं बोलणारी ही एकटी, आणि राग मला तिचाच आला. नियमातून वाट काढून दिली तरी जायचं नाही म्हणजे काय? "मग मी काही करू शकत नाही," असं म्हणून मी पुढचं जर्नल ओढलं.

दोन दिवसांनी एक म्हातारा प्रयोगशाळेच्या दारात उभा. धोतर, कांबळं, टोपी हातात. आंदर मावळातला धोंडिबा. पहाटे घरून निघून कान्हे स्टेशनपर्यंत चालत आला होता आणि तिथून गाडीनं पुण्याला.

"मास्तर, पोरीच्या कागदावर मी सही करतो," तो म्हणाला.

"तुम्ही तिचे कोण?"

"सरदारभाऊ दर साली दिवाळी झाली की आमच्या वाडीत यायचा. आठ-आठ दिस माज्या अंगणात भट्टी लावायचा. पोरगीबी यायची संगं, आबा म्हनते मला."

"म्हणजे नातं काही नाही."

"न्हाई," धोंडिबा म्हणाला.

मी त्याला समजावलं, म्हणजे सुनावलं. वडिलांच्या मागे पालक आई. सही तिचीच हवी आणि माझ्यासमक्ष हवी. त्यानं वाद घातला नाही. टोपी डोक्यावर चढवली आणि म्हणाला, "मंग तुमीच या की समाचाराला. तुमच्या वाटंवरच हाय. अकबरीबाय घरातच बसल्यात, सहीबी हुईल तुमच्याम्होरं."

"येईन," मी म्हणालो.

तो जावा म्हणून म्हणालो. पण मावळात दुखवट्याच्या घरी येईन म्हणून कुणी जायचं राहत नाही. लग्नाला येतो म्हणून टांग देतात, जेवायला येतो म्हणून देतात, समाचाराला नाही. मी लोणावळ्यात लहानाचा मोठा झालो, मला हे कुणी शिकवायला नको होतं. पंधरा तारखेला तीन दिवस उरले होते, आणि त्या तीन दिवसांत माझी गाडी संध्याकाळी तीनदा कामशेतला थांबली. मी जर्नलं तपासत होतो.

सोळा तारखेला मी तिच्या नावावर तांबडी रेघ मारली. यादी फळ्यावर लागली. तिनं ती वाचली, आत येऊन प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि "येते सर" म्हणाली. पुढच्या वर्षी पुन्हा टर्म भर, असं मी तिला बजावलं. ती परत आली नाही.

१९७८च्या पावसाळ्यात मला थंडीताप भरला. हिवताप खात्याचा माणूस घरी येऊन बोटातून रक्ताचा थेंब घेऊन गेला आणि चार दिवसांनी चिठ्ठी आली: हिवताप आहे. खाली तपासणाऱ्याची सही होती, ता. स. मुलाणी. ते अक्षर मी वर्षभर जर्नलात पाहिलं होतं. तालुक्याच्या दवाखान्यात ती दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताच्या काचपट्ट्या बघत होती. काम चांगलंच आहे, माझा ताप तिनंच पकडला. पण ती कुठवर गेली असती ते मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असणारा बहुधा मी एकटाच होतो.

बरा झाल्यावर मी पहिल्यांदा कामशेतला उतरलो. ओट्यावर भट्टीची जागा सारवून घेतली होती. ताजुन्निसा कामावरून यायची होती. अकबरीबाईंनी मला कधी पाहिलं नव्हतं, नाव सांगितल्यावर पाट दिला.

"तुमी येनार म्हून धोंडिबानं सांगितलं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आमी मधल्या दाराला पडदा बांधला. तुमी भाईर बसायचं, कागद आत सारायचा, मी सही करून द्यायची. मला तर अंगठाच ठावं. पोरीनं दोन राती माजा हात धरून नाव गिरवून घेतलं. तीन दिस रोज सांच्याला गाडीचा आवाज आला की मी पडद्यामागं जाऊन बसायची."

मी मधल्या दाराकडे पाहिलं, पडदा आता नव्हता.

"शिकले ते शिकले," त्या म्हणाल्या. "आता रेशनवर सहीच करते."

तेवढ्यात ताजुन्निसा आली. मला बघून दचकली, मग मान लववली, आई चहाला आत गेली तशी समोर बसली. माझ्या तब्येतीची चौकशी केली, गोळ्या पूर्ण घेतल्या का विचारलं. माफी मागायला म्हणून मी आलो होतो, आणि तोंडातून निघाली ती तक्रार. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

"त्या तीन दिवसांत तू रोज माझ्यासमोर होतीस," मी म्हणालो. "एकदा तरी आठवण करून द्यायचीस. का नाही दिलीस?"

तिला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं.

"तुम्ही येईन म्हणाला होतात, सर," ती म्हणाली. "वर आठवण करून दिली असती तर तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही, असं झालं असतं."