फ्रीजमधली डबी

मी आईची औषधं घ्यायला नांदेडच्या मेडिकलवर जाते, तेव्हा दर महिन्याला अर्धापूरहून आलेली, अंग सुटलेली एक बाई भेटते. वजन उतरवायच्या इंजेक्शनची चुरगळलेली चिठ्ठी पुढे करून ती विचारते, "विम्यात बसलं का हो, भाऊ?" दुकानदार नाही म्हणतो. मग ती फ्रीजमधली डबी मागून घेते, ती गार डबी क्षणभर तळहातावर धरते आणि परत देते.

परवा मला म्हणाली, "गुडघे बदलायला विमा पैसे देतो, वाचवायला न्हाई. विहारात समद्या बाया खाली बसून वंदना म्हणतात. मी एकटीच मागं, खुर्चीवर. लई वाटतं, त्यांच्यात मांडी घालून बसावं."

तिला उभं राहवेना, म्हणून मी स्टूल पुढे केलं. बसायच्या आधी तिनं एकदा फरशीकडे बघून घेतलं.