नातीसाठी अवघड शब्द

बायको गेली त्या दिवशी मंगळवार होता. घरात वाचवेना, म्हणून पुढे दर मंगळवारी मी चौक गावाहून एसटीने कर्जतच्या वाचनालयात जाऊ लागलो.

एसटीत शेजारी बहुधा एक आजोबा बसत. भातशेतीवाले. टोपी मांडीवर ठेवून ते मोबाइलवरून इंग्रजी शब्द पाठ करीत आणि ताजे असतानाच वापरून टाकीत. "ड्रायव्हर मॅग्नॅनिमस हाय. मोठ्या मनाचा. हात दावला का थांबतो." खड्डे युबिक्विटस होते, म्हणजे जिकडेतिकडे. कंडक्टर म्हणायचा, "बाबा, तिकीट तरी मराठीत मागा!"

त्यांची नात इंग्रजी शाळेत जाऊ लागल्यापासून त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. काही विचारलं की म्हणे, "तुमाला नाय समजायचं." म्हणून हा अभ्यास. मी शिकलेला माणूस, न राहवून म्हणालो, "आधी रोजचे सोपे शब्द शिका."

त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "सोपे तिला येतात. मंग ती मला कशाला विचारील? अवघड टाकला का धावत येते, आजोबा, म्हंजे काय? मंग मी मराठीत सांगत बसतो. जेवण होईस्तोवर बोलतो आमी."

माझी बायको पेपर वाचताना अशीच अडायची. "अहो, याचा अर्थ काय?" मी पुस्तक मिटून सांगायचो, आणि बोलणं भलतीकडेच जायचं.

आता घरात मी आहे आणि शब्दकोश आहे. अर्थ विचारणारं कोणी नाही.