लाडू उचलून दाखव

"लाडू उचलून दाखव," साहेब म्हणाले. सोफ्यावर चार पाहुणे. मी तेरा वर्षांची, समोर उभी. मागे पप्पा, हातात फराळाची रिकामी पिशवी.

मी उजव्या हाताने लाडू उचलला. कोपर हळूहळू वाकलं. लाडू तोंडाशी आला. टाळ्या पडल्या.

कोपर वाकवणारे स्नायू माझ्या उजव्या दंडात जन्मापासून नव्हते. हात नुसता लोंबायचा. शाळेत मी डाव्या हाताने जेवायचे, म्हणून डबा खाताना शेजारी कोणी बसत नसे. मग सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं. पाठीतला स्नायू सोडवून, काखेखालून पुढे आणून कोपराखाली शिवला. दीड महिना प्लास्टर. मग व्यायाम, रोज रडत.

पप्पा दिल्लीत साहेबांच्या ऑफिसात क्लार्क. साहेबही मराठीच. ऑपरेशनसाठी त्यांनी रुग्णालयाच्या नावे शिफारशीची चिठ्ठी दिली होती. तेव्हापासून दिवाळीचा पहिला डबा त्यांच्या घरी. डब्याबरोबर मी. "इसका हाथ हमने बनवा दिया," बाईसाहेब पाहुण्यांना सांगत.

आणखी दोघं आले. पुन्हा दाखवलं. काही वाटलं नाही. राग नाही, लाज नाही. पाठीवरच्या व्रणासारखं झालं होतं सगळं, चिमटा काढला तरी कळू नये.

मग शेजारीण आली. "एक बार और, बेटा," साहेब म्हणाले.

मी लाडू ताटलीत ठेवला. पाहुण्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलले.

"चिट्ठी से नहीं हुआ, अंकल. वेटिंग लिस्ट में मेरा नंबर पहले ही आ चुका था. सिस्टर ने रजिस्टर दिखाया था."

पप्पांना हे माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. साहेबांची चिठ्ठी असताना विचारायचं काय!

साहेब पप्पांना एवढंच म्हणाले, "मुलीला जरा वळण लावा."

घरी जायला आम्ही मेट्रोतून मयूर विहारला उतरलो. मग पप्पा म्हणाले, "उद्या चल. सॉरी म्हण. माझं प्रमोशन त्यांच्या सहीवर आहे, यार."

पप्पांचं फार वाईट वाटलं. पण मी गेले नाही.

प्रमोशन अडकलं. पप्पा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. ते सोसलं. पुन्हा सोसेन. टाके घालणाऱ्या डॉक्टरांच्या मी पाया पडले होते, सिस्टरच्याही पडेन. पण माझ्या हक्काला जो आपला उपकार म्हणेल, त्याला मी थँक्यूसुद्धा म्हणणार नाही.