मनोरीपर्यंत जाऊ का?

नवरा गेल्यावर वर्षभर गाडी सोसायटीत धूळ खात उभी होती. साठी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले आणि एका रविवारी सकाळी पार्ल्याहून एकटीच निघाले. उत्तनपर्यंत जायचं, समुद्र बघायचा, परत यायचं, एवढंच लेकीला सांगितलं होतं.

उत्तनला गाडीतच बसून डबा खाल्ला. अजून अकराही वाजले नव्हते. तिथून मनोरी जवळच, आणि मनोरीत माझी कॉलेजातली मैत्रीण राहते. तिचे वडील वारले तेव्हा ऑफिसात ऑडिट होतं, म्हणून मी गेले नाही. नंतर फोन करायची लाज वाटत राहिली. बघता बघता नऊ वर्षं झाली.

बंगळुरूला लेकीला फोन लावला. "अगं, मनोरीपर्यंत जाऊ का?"

"आई, आज नको ना. पहिल्यांदाच एकटी निघालीयस. नंतर बोलते, कॉल आहे."

आणखी विचारणार कोणाला? गाडी कुठे वळवायची ते कायम नवराच ठरवायचा, मी शेजारी बसून कुरकुर करायचे. बराच वेळ इंजिन चालू ठेवून नुसतीच बसून राहिले. मग वाटलं, घरी जाऊन तरी काय करणार आहे? निघाले.

घर विचारत विचारत सापडलं. दार तिनंच उघडलं. केस पार पांढरे झालेले.

"तू? ये, बस," म्हणाली आणि चहा टाकायला गेली. आतून विचारलं, "साखर चालते ना तुला?" पाच वर्षं रोज कॅन्टीनमध्ये एका कपातला चहा अर्धा अर्धा प्यायलो होतो आम्ही.

"बाबा गेले तेव्हा मी यायला हवं होतं गं," मी म्हणाले.

"जाऊ दे. झाली त्याला वर्षं."

ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मग तिनं माझ्या नवऱ्याची चौकशी केली. मी सांगितलं. तिचा हात तोंडावर गेला.

"मला का नाही कळवलंस?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला.

"कुठल्या तोंडानं कळवणार होते?"

चहा निवून गेला. मी निघाले तेव्हा ती गाडीपर्यंत आली. "पोचलीस की फोन कर."

केला. "बरं झालं," म्हणाली. त्याला आता चार महिने होतील. ना तिचा फोन आला, ना मी केला.