फरशीवरचा निळा पट्टा

सरांनी माझा निळा पट्टा फरशीवर ठेवला. हातात दिला नाही, कमरेला बांधला नाही. ठेवला, आणि एक पाऊल मागं सरले.

माझ्या आधी अकरा मुलामुलींचे पट्टे त्यांनी स्वतः बांधले होते. तायक्वांदोत रीतच तशी. परीक्षा पास झाली की गुरूनं नवा पट्टा बांधायचा आणि मग दोघांनी एकमेकांपुढं वाकायचं. विद्यार्थ्यानंही आणि गुरूनंही. माझी पाळी आली तेव्हा खुर्चीवर बसलेले हॉलचे मालक म्हणाले, "सर, ही वस्तीतली ना? हिचा ठेवा खाली. घेईल उचलून."

मी उचलला. स्वतःच बांधला. आणि वाकलेसुद्धा! सर वाकले नाहीत. ते मालकांकडं बघत होते. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांची लाज मला आजही वाटते, कारण तेव्हा मी हसले होते.

ही गोष्ट शिरूरची, नव्वदच्या दशकातली. मी दहावीत होते. आम्ही बौद्ध. आप्पा, म्हणजे माझे वडील, रांजणगावच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होते, आणि तो ठेकेदार हॉलच्या मालकांचा भाऊ. त्या घराशिवाय आमच्याकडं पान हलत नसे.

सर दौंडहून एस.टी.नं यायचे. माणूस गरीब, पण जीव लावणारा. आम्ही दमून बसलो की कोरियाच्या गोष्टी सांगायचे. त्या देशावर परक्यांचं राज्य होतं तेव्हा लोकांना स्वतःची भाषा, स्वतःची नावंसुद्धा टाकायला लावली. जुन्या लढायच्या कलांवरही बंदी. ते राज्य गेल्यावर वेगवेगळ्या आखाड्यांचे गुरू एकत्र आले आणि या विद्येला एक नाव दिलं. पांढरा पट्टा म्हणजे बी, पिवळा माती, हिरवा रोप, निळा आभाळ. शिष्टाचार, सचोटी, चिकाटी, संयम आणि न हरणारं मन, ही या विद्येची पाच तत्त्वं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. मला वाटायचं, इतक्या लांबून ही विद्या आमच्यासाठीच आली. येडी होते.

पुढच्या तासाला नेहमीची शपथ सुरू झाली, तास सुरू होताना सगळ्यांनी म्हणायची. गुरूंचा आदर करीन, या ओळीला मी तोंड मिटलं. सरांनी सगळ्यांना थांबवलं.

"का गं, बोलंनास?"

"सर, आदर दोघांनी करायचा असतो. तुमीच शिकवलंय. त्या दिशी तुमी वाकला न्हाई."

सरांचे डोळे भरले. हळूच म्हणाले, "हॉल त्यांचा हाय, पोरी. मी काय करू?"

मला राग यायला हवा होता. पण नुसतं रडू आलं. मला ताठ उभं राहायला शिकवणारा माणूस स्वतः जागचा हलू शकत नव्हता. मी चपला घातल्या आणि निघाले.

ही गोष्ट मालकांच्या कानावर गेली आणि दोन दिवसांनी त्यांचा सांगावा आला. मालकांच्या घरी येऊन माफी मागा, तरच पोरगी पुढच्या परीक्षेला बसेल. आणि कामाचंही बघावं लागेल.

आप्पा पहिल्या पाळीहून आलेले, जेवलेही नव्हते. त्यांनी पेटीतून लग्नाकार्यातला शर्ट काढून अंगात घातला. बटणं लावत म्हणाले,

"दोन शबुद बोलून येतो. तुजं शिक्षान मोडाय नको."

मी दारात आडवी उभी राहिले. "आप्पा, आपली चूक काय झालीय?"

"चूक कुठं म्हंतोय मी? काम जाईल गं."

"जाऊ द्या. मी क्लास सोडते. पर माझ्यापायी तुमी त्यांच्या पाया पडला, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

आई चुलीपाशी रडत होती. आप्पांनी शर्ट उतरवून खुंटीला लावला. मग खाली बसले आणि आईला म्हणाले, "वाढ."

आठवड्यात काम गेलं. पुढं ते कुरकुंभला एका कारखान्यात लागले. रोज तेवढा लांबचा प्रवास, वर पाळ्यांचं काम. वयाआधी म्हातारे झाले. त्यातला थोडा दोष माझ्याकडं येतो, आणि मी तो नाकारत नाही. काळा पट्टा मला कधीच मिळाला नाही. टीव्हीवर सामना लागला की अजून उठून जाते.

लोक म्हणतात, तेव्हा माफी मागितली असतीस तर आज कुठल्या कुठं गेली असतीस. गेले असते. पण बापाला कुणाच्या दारात उभं करून मिळणारी जागा मला तेव्हा नको होती. आज नको. आणि माझ्या मुलीलाही मी ती घेऊ देणार नाही.